वकिलांच्या मोटारीचा ब्रेक

वकिलांच्या त्या ड्रायव्हरनं पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरवलं. दुरुस्त झालेली गाडी न्यायला आला आणि निघण्याआधी चारही चाकांचा एकेक नट तपासत बसला. माझ्या शेडमध्ये, माझाच पाना घेऊन, माझ्यासमोर. मी विचारलं, "का रं, इस्वास न्हाई व्हय?" तर म्हणाला, "तसं न्हाई मिस्त्री. फौजेतली सवय हाय." फौजेत ट्रक हाकले होते त्यानं. मूळचा वरव्याचा, म्हणजे आमच्यासारखाच गावठी, पण बोलताना छाती अशी काढायचा की जणू लढाई यानंच जिंकून आणली.

संस्थान जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. भोरात मोटारी बोटावर मोजण्याइतक्या होत्या आणि मिस्त्री मी एकटा. जो येईल तो मला 'मिस्त्री, मिस्त्री' करत यायचा. त्यामुळं माझं तोंड सुटलं होतं हे आता म्हातारपणी कबूल करायला हरकत नाही. माझ्या कामात कुणी बोट घातलेलं मला खपत नसे. आणि हा तर हातभर बोट घालायचा. इंजिन चालू करून मान वाकडी करून ऐकत उभा राहायचा, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा. एकदा माझ्यादेखत वकिलांना म्हणाला, "साहेब, हे काम पुण्याला नेलं असतं तर बरं झालं असतं." त्या दिवसापासून मी त्याच्यावर डूख धरून होतो. तो कधी चुकतोय याचीच वाट बघत होतो म्हणा ना.

श्रावणात वकिलांच्या गाडीचे ब्रेक घासायला लागले. चाकाच्या आत लोखंडी ड्रम असतो, त्यात चंद्रकोरीसारखे दोन शू बसवलेले असतात आणि शूच्या पाठीवर लायनर म्हणजे घासणारी जाड पट्टी असते. पायाखालचं पेडल दाबलं की शू फाकतात, लायनर ड्रमला घासतो आणि गाडी थांबते. तो लायनर पार झिजून त्याला शूवर धरणारी रिबिटं ड्रम खरवडत होती. मी पुण्याहून लायनरची पट्टी मागवली. शेडमध्ये पत्र्यातून गळत होतं, म्हणून आठही शू घरी नेले, ओटीवर बसून जुनी पट्टी काढली, नवी रिबिटांनी ठोकली. काम झकास झालं होतं. शू तिथंच ठेवून मी बाजारात गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोत्यात भरून शेडला आणले आणि गाडीला चढवले.

दोन दिवसांनी ड्रायव्हर दारात. "मिस्त्री, ब्रेक धरत न्हाई."

"नवा लायनर हाय. बसायला येळ लागतो. पळव शंभर मैल, बसल."

चार दिवसांनी पुन्हा आला. "बसत तर न्हाईच, उलट कमी झालाय."

मी म्हटलं, "मग फौजेतला पाय कुठं ठेवून आलास? जोरात मार की." शेडपुढं बसलेली चार टाळकी हसली. तो नाही हसला. पेडल कसं लागतं हे तो सांगत होता आणि मी ऐकत नव्हतो. माझं लक्ष हसणाऱ्यांकडं होतं.

त्याच आठवड्यात वकिलांना वेल्ह्याच्या कचेरीत काम निघालं. नसरापूर सोडलं की तेव्हा रस्ता कसला, नुसती खडी आणि चिखल. एका उताराखाली ओढा भरून चालला होता. ड्रायव्हरनं अलीकडंच थांबायचं म्हणून ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. सरळ रेषेत, अगदी शिस्तीत, ओढ्यात जाऊन बसली. वकिलांच्या कमरेपर्यंत पाणी, कागदांचं दप्तर वाहून चाललेलं ते एका गुराख्यानं धरलं. ओलं धोतर नेसून वकील कचेरीत उभे राहिले आणि समोरच्या पक्षाची माणसं तोंडाला उपरणं लावून हसत होती. वेल्ह्यापासून भोरपर्यंत ती गोष्ट वकिलांच्या आधी पोचली.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी आम्हा दोघांना अंगणात उभं केलं. त्यांचा तो स्वभावच होता, घरातलं भांडणसुद्धा कोर्टासारखं चालवायचे. दोन कारकून होते, शेजारपाजारचे पाच-सहाजण होते. मागच्या खोलीच्या दारात ड्रायव्हरची बायको उभी होती, एक पोरगी कडेवर आणि एक पदराला धरून. ती खोली वकिलांनीच दिलेली. नोकरी आहे तोवर खोली.

"नवे लायनर घातलेत म्हणता," वकील मला म्हणाले, "मग गाडी थांबली का नाही?"

"लायनर बसायला येळ लागतो साहेब. पण अजिबात थांबत न्हाई असं कधी हुईत न्हाई. दाबायला पायजे."

"दाबला व्हता," ड्रायव्हर म्हणाला. "पेडल दगडावानी कडक लागतं साहेब. खाली बी जात न्हाई आन गाडी बी थांबत न्हाई. आन एक सांगतो, उताराला लई येळ ब्रेक दाबला की तळणीचा वास येतो."

"कसला वास?"

"तळणीचा. भजी-कुरडया तळल्यावानी."

असं आयतं हातात आल्यावर मी कशाला सोडतो. म्हटलं, "साहेब, याला सकाळपासून पोटाला काय मिळालेलं दिसत न्हाई. मोटारीत भज्यांचा वास येतो म्हंजे भूक लागल्याली हाय." अंगण खदाखदा हसलं. कारकून हसले, शेजारी हसले, वकील मिशीतल्या मिशीत हसले. दारातली त्याची बायको तेवढी आत गेली.

वकिलांनी हसू आवरून विचारलं, "मिस्त्री, एका शब्दात सांगा. दोष गाडीत आहे की माणसात?"

"माणसात," मी म्हणालो. क्षणाचासुद्धा विचार केला नाही.

"सोमवारी खोली रिकामी कर," वकील ड्रायव्हरला म्हणाले. "माझ्या बहिणीच्या ओळखीचा एक माणूस आहे, तो येईल." आणि मला म्हणाले, "तुम्ही गाडी एकदा पाहून ठेवा. नव्या माणसाला तक्रारीला जागा नको."

त्या दिवशी घरी जाताना मी शीळ घालत गेलो. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं होतं. फौज एका वाक्यात गारद केली होती मी.

शनिवारी गाडी घेऊन एकटाच उत्रोलीच्या रस्त्याला गेलो. दोन्हीकडं भातखाचरं, रस्ता मोकळा. वेग घेतला आणि ब्रेकवर पाय दिला. पेडल दगडावानी कडक. गाडी आपली चालली आहे. दोन्ही पाय दिले, पाठ सीटला रेटली, तरी गाडी मुजोर म्हशीगत पुढं सरकत राहिली आणि रस्त्याकडेच्या वडाच्या पुढं कुठंतरी आपणहून थांबली. 

पुन्हा घेतली. पुन्हा तेच. आता मात्र मिस्त्रीसारखा विचार करणं भाग होतं. पेडलचा जोर चाकांकडं नेणाऱ्या तेलाच्या नळीत हवा राहिली असती तर पेडल मऊ लागलं असतं, पाय खाली गेला असता. इथं कडक. म्हणजे हवा नाही, तेल गळत नाही, जोर चाकापर्यंत पोचतोय. मग एखाद्या ड्रमात काही शिरलंय म्हणावं तर ते एकाच चाकात शिरणार आणि गाडी एका बाजूला ओढणार. ही सरळ जात होती. ओढ्यातसुद्धा सरळच गेली होती. चारही चाकं सारखीच नाकारत होती. चारही चाकांना सारखं होईल असं काय झालं असेल ते मला कळेना. तिसऱ्यांदा उतारावर ब्रेक धरून ठेवला तेव्हा खालून वास आला. तळणीचा. दिवाळीत घरात येतो तसा, थोडा करपलेला.

शेडमध्ये येऊन पहिलं चाक काढलं, ड्रम उतरवला. लायनर खरखरीत असायला हवा, तो तव्यासारखा काळा आणि गुळगुळीत झाला होता. नखानं खरवडला तर आतून तेल पाझरलं. नाकाला लावलं. करडईचं तेल. दुसरं चाक काढलं, तिसरं, चौथं. आठही शू तसेच. एक शू उलटा केला तर लोखंडी बाजूला, लायनरच्या पाठीमागं, शेंदराचा ठिपका होता. बोटानं ओढलेला, नीट गोल. मग बाकीचे सात बघितले. सगळ्यांना होता. चढवताना तो मला दिसला नसेल असं होणं शक्यच नाही. पण माझं तोंड त्या दिवशी त्या ड्रायव्हरच्या नावानं चाललं होतं आणि हात आपले आपण काम करत होते.

तो शू हातात घेऊन मी बसलो होतो तेवढ्यात ड्रायव्हर आला. गाडीत त्याची घोंगडी राहिली होती ती न्यायला. उतरवलेले चारही ड्रम त्यानं बघितले, माझ्या हातातला शू बघितला, ठिपका बघितला. जवळ येऊन वासही घेतला असावा, तेवढा वेळ तो उभा होता.   मग घोंगडी झटकली, खांद्यावर टाकली आणि गेला.

मी तसाच घरी गेलो. माझी बायको तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीतली, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली. त्या घरात नवं लोखंड आलं, मग ती कुऱ्हाड असो, विळा असो की लोकर कातरायची कातर, ते आधी देवापुढं जायचं. तेल लागायचं, शेंदूर लागायचा, मगच ते कामाला. माझ्या घरीही तिनं तेच चालवलं होतं. माझे पाने, हातोड्या, सगळ्यांना ती तेल-शेंदूर करायची. आणि मी लोकांना कौतुकानं सांगायचो की आमच्या घरात हत्याराला पूजेवाचून ठेवत नाहीत.

शू तिच्यापुढं टाकला. "ह्याला तेल तू लावलंस?"

"व्हय. नवं आणलं व्हतं न्हवं तुमी? आठीला बी लावलं. पाटावर मांडली, निवद दाखिवला." जरा थांबून म्हणाली, "तुमाला कामाच्या जिनसाला बरबट आवडत न्हाई म्हणून वरनं पुसून बी ठिवलं."

पुसून ठेवलं. लायनरनं तेल केव्हाच पिऊन टाकलं होतं आणि तिनं वरून कोरडं केलं होतं. मी तिला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. तिच्या माहेराला बोललो, वाडीला बोललो, मेंढरांनासुद्धा सोडलं नाही. घर डोक्यावर घेतलं. ती भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. माझा श्वास संपला तेव्हा म्हणाली, "ह्याला तेल चालत न्हाई ह्ये मला कुणी सांगितलं व्हतं?"

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. ब्रेक म्हणजे काय हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली होती.

"त्यो डायवर ओढ्यात गेला त्यो ह्याच्यामुळंच का?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग तुमी जाऊन सांगा. त्याची बायकू भांडी बांधाया लागलीया."

"सांगतो," मी म्हणालो.

उरलेल्या पट्टीतून रातोरात नाही, पण रविवारी दुपारपर्यंत आठही शू पुन्हा केले, ड्रम धुतले, चढवले. गाडी जागच्या जागी खिळायला लागली. ती घेऊन वकिलांकडं निघालो तेव्हा सांगायचंच असं ठरवून निघालो होतो. पण अंगणात शिरल्यावर तेच कारकून, तेच शेजारी. वकिलांनी विचारलं, "काय निघालं?" आणि माझ्या डोळ्यांपुढं ते सगळे भज्यांवरून हसताना आले. आता मलाच हसतील. गावातला एकुलता एक मिस्त्री आणि त्याच्या घरात ब्रेकला करडईचं तेल.

"थोडी हवा राहिल्याली साहेब. काढली."

"म्हणजे चूक तुमची?"

"थोडी माझी म्हणा. पण फौजेतल्या डायवरला कळायला पायजे व्हतं."

ड्रायव्हर मागच्या खोलीपुढं गाठोडं बांधत होता. त्यानं गाठ अर्धी सोडून माझ्याकडं बघितलं. पेडल कडक असताना हवा नसते हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. आणि ठिपका त्यानं बघितला होता. मी नजर काढून घेतली. वकील म्हणाले, "ठीक आहे. ठरलंय ते ठरलं."

घरी बायकोनं विचारलं, "सांगितलं?" मी म्हणालो, "बघू." तिनं पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी सकाळी मी शेड उघडली तोवर ती वकिलांच्या मागच्या दारी जाऊन आली होती. ही बाई भोरच्या बाजारात भाव करायलाही लाजायची. ती वकीलबाईंपुढं उभी राहिली आणि म्हणाली की तेल म्या लावलं, त्या मानसाचा काय दोष न्हाई, त्याला काढू नका. वकीलबाईंनी आत जाऊन नवऱ्याला सांगितलं. ड्रायव्हरचं गाठोडं बैलगाडीत चढलं होतं ते उतरवलं.

तासाभरात मला बोलावणं आलं. वकील दिवाणखान्यात बसून हसत होते. "अहो मिस्त्री, तुमच्या घरात आमच्या मोटारीची महापूजा झाली म्हणे. निदान प्रसाद तरी पाठवायचा." कारकून पोट धरून हसले. मीही हसलो. मला हलकं वाटायला लागलं होतं, कारण हसू माझ्यावर नव्हतं, बायकोवर होतं. "बायकांपुढं कुणाचं चालतं," वकील म्हणाले. मग सहज, पान जुळवता जुळवता, त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

ड्रायव्हर दाराशी उभा होता.

"आत्ताच साहेब," मी म्हणालो. "तिनं आत्ताच सांगितलं."

त्यानं तोंड उघडलं असतं तर माझी भोरातली शेड त्या दिवशी बंद झाली असती. शनिवारी मी काय हातात धरून बसलो होतो ते त्यानं सांगायला हवं होतं. मी असतो तर सांगितलं असतं, मीठ लावून सांगितलं असतं.  त्यानं टोपी सारखी केली आणि गाडी पुसायला निघून गेला. मला वाटलं, नोकरी परत मिळाली, आता कशाला उकरून काढतोय.

घरी येऊन बायकोला म्हणालो, "मिटलं सगळं. वकील हसण्यावारी नेतायत."

ती तांदूळ निवडत होती. सुपातून नजर न काढता म्हणाली, "म्या तेल लावलं ते म्या सांगून आले. तुमी त्या मानसाच्या नावाला बट्टा लावला. त्यो तुमचा तुमी पुसा."

एवढंच. मी तिला शनिवारी दोन तास बोललो होतो. ती मला ही तीन वाक्यं बोलली आणि सूप घेऊन आत गेली. मला राग आला, खूप आला, पण तो कुणावर काढायचा ते समजेना.

संध्याकाळी ड्रायव्हरला नदीच्या घाटावर एकटा गाठला. बादलीनं गाडी धूत होता. मी म्हणालो, "चूक माझी व्हती. शनिवारीच कळलं व्हतं मला."

"मला ठाव हाय," तो म्हणाला. चिंधी पिळली, झटकली. "ह्ये अंगणात बोलला असता तर ऐकलं असतं. हितं दोगांत मला ऐकायचं न्हाई." आणि बादली भरायला पाण्यात उतरला.

अंगणात मी कधीच बोललो नाही. वकील गेले, त्यांची मोटार गेली, तरी नाही.

पण ती मोटार पुढं पाच वर्षं माझ्याकडंच येत राहिली, कारण भोरात मिस्त्री मीच होतो. ड्रायव्हर गाडी आणून शेडपुढं लावायचा, काय बिघडलंय ते दोन शब्दांत सांगायचा आणि काम होईस्तोवर रस्त्याच्या पलीकडं पाठ करून उभा राहायचा. काम झालं की पूर्वीसारखा नट तपासायचा नाही. सरळ गाडी घेऊन उत्रोलीच्या रस्त्याला जायचा, ब्रेक मारून बघायला. तेवढा वेळ मी हातातलं काम सोडून शेडच्या दारात उभा असायचो. दुसरं गिऱ्हाईक आलं तरी 'थांब जरा' म्हणायचो. तो परत यायचा, माझ्याकडं न बघता शेडवरून वकिलांच्या घराकडं निघून जायचा. काम चांगलं झालं की वाईट, ते त्यानं मला एकदाही सांगितलं नाही.